फक्त ओठ हलवायचे

१

हे मी कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं आहे. ठरवलं आमच्या मुख्याध्यापिका मॅडमनी, मान डोलावली माझ्या आईनं. मी नेहमीसारखी खाली बघत उभी होते, त्यामुळे मलाही ते मान्य आहे असं सगळ्यांनी धरून घेतलं. मला मान्य नव्हतं. मला चारचौघांत बोलता येत नाही, एवढंच. लिहिता येतं. म्हणून लिहिते आहे.

आमच्या शाळेचा समूहगानाचा संघ आहे. देशभक्तिपर गीतांची स्पर्धा असते, आधी विभागाची, मग राज्याची. स्पर्धेच्या नियमानुसार संघात ठरावीक संख्येनं मुली असाव्याच लागतात आणि तेवढ्या सुरात गाणाऱ्या मुली आमच्याकडे नाहीत. मग आमचे संगीताचे सुमंत सर मागची रांग भरून काढतात. उंच मुली घेतात, केस नीट बांधणाऱ्या, सहसा रजा न घेणाऱ्या. त्यांना सांगतात, "तुम्ही फक्त ओठ हलवायचे. आवाज नको."

मागच्या रांगेत मी होते, कारण मी उंच आहे. माझ्या शेजारी दामिनी होती. ती माझी मैत्रीण. एकुलती एक, असं म्हटलं तरी चालेल.

दामिनीचे बाबा इतवारी बाजारात एका भांड्यांच्या दुकानात नावं घालायचं काम करतात. लग्नात द्यायच्या डब्यांवर, तांब्यांवर, छोट्या मशीननं नाव कोरून देतात. त्या मशीनचा आवाज कानात घुसणारा आहे. वरच्या मजल्यावरच त्यांचं घर, त्यामुळे घरातलं सगळं बोलणं त्या आवाजाच्या वरून करावं लागतं. दामिनीचा आवाज त्यामुळेच मोठा आहे, खरखरीत आहे आणि उंच गेला की मधेच फाटतो.

पहिल्या दिवशी सरांनी तिला एक ओळ गायला लावली आणि पेटी बंद केली.

"हा आवाज आहे की भाजीबाजार?"

"भांडेबाजार सर," दामिनी म्हणाली. "भाजीचा कॉटन मार्केटले असते."

सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत.

२

‘नभदल’ नावाची एक कार्टून मालिका आहे. पाच मुलं एका शहराचं रक्षण करतात आणि त्यांना उल्केच्या तुकड्यांतून शक्ती मिळते. मला ते उल्केचं कधी पटलं नाही. मी त्याच मुलांना घेऊन माझी वेगळी गोष्ट लिहायला लागले. याला फॅन फिक्शन म्हणतात. एका अॅपवर मी टोपणनावानं ती टाकते. माझ्या गोष्टीत शक्ती येते ती देशभक्तीच्या गाण्यांतून. कारण ती सगळ्यांना येतात, आणि ऑगस्टमध्ये ती कुठूनही, कधीही वाजायला लागतात. चौकातल्या मंडपातून, शाळेच्या भोंग्यातून, कुठल्याशा दुकानातून. त्यामुळे माझ्या पात्रांची फार पंचाईत होते. एकजण जिलबी खाताना उडाला. एकजण वर्गात अदृश्य झाला आणि त्याची गैरहजेरी लागली. एकजणी आंघोळ करत होती, बाहेर भोंगा सुरू झाला आणि ती साबणासकट वर तरंगली.

दामिनी ही माझी एकमेव नियमित वाचक. ती मधल्या सुट्टीत वाचायची आणि मोठमोठ्यानं हसायची.

"अवं अरू, ते साबणवाली खाली आली का नाही? काहून लटकवून ठेवली तिले?"

"कडवं संपलं की येईल."

"आन् आपल्याले काय शक्ती?"

"आपण गातच नाही."

"मंग तेच लिही नं. न गाणाऱ्याची शक्ती. सरांच्या नाकावर टिच्चून."

म्हणून मी लिहिलं. एक मुलगी मागच्या रांगेत उभी असते. ती गात नाही, फक्त ओठ हलवते. तिचा न गायलेला आवाज पुढे जातो आणि समोरच्या गाणारीत बसतो. मग त्या गाणारीचा आवाज दुहेरी होतो आणि शत्रूच्या भिंतीला तडे जातात.

दामिनीनं ते दोनदा वाचलं.

"वापस येते नं पण तिचा आवाज?"

"येतो."

"तसं लिही मंग."

मी तसं लिहिलं. गाणं संपतं आणि आवाज परत येतो. हे मी अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढे ज्यांनी माझ्यावर आरोप केले त्यांनी हे वाक्य वाचलंच नाही.

३

संगीताची खोली वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला आहे. वर पत्रे आहेत, त्यावर कबुतरं चालतात. खालच्या वर्गांना त्रास नको म्हणून सर खिडक्या लावून घेतात. भिंतीवर जुन्या विजेत्या संघांचे फोटो आहेत, सगळे गाताना काढलेले. पुढच्या रांगेचीही तोंडं उघडी, मागच्या रांगेचीही. फोटोवरून कोण खरं गात होतं ते कळत नाही.

आमच्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात एक लांब सूर आहे. तो रोशनी एकटी घेते. रोशनी आमची मुख्य गायिका, आवाज गोड आणि बारीक. ती दामिनीच्या बरोबर समोर उभी राहायची.

त्या दिवशी रोशनीनं तो सूर घेतला आणि टोकाला जाऊन तो फाटला. आवाज खरखरीत झाला, मोठा झाला, आणि जिथे दामिनीचा फाटतो तिथेच फाटला.

मी शेजारी पाहिलं. दामिनीचे ओठ हलत होते. गळा हलत नव्हता.

मला वाटलं, पत्र्याचा घुमारा असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, माझ्याच गोष्टीचा परिणाम. जे लिहिलं ते ऐकू येणारच. स्वतःच्या कानांवर भरवसा ठेवायचा नसेल तर कारणं भरपूर सापडतात. म्हणून मी हात वापरला. माणूस गातो तेव्हा त्याची पाठ थरथरते, हे मला लहानपणी बाबांच्या पाठीवर बसून कळलेलं आहे. मी दामिनीच्या पाठीवर हात ठेवला. काही नाही. मग वाकून, रोशनीची कॉलर नीट केल्यासारखं करून, तिच्या पाठीवर ठेवला.

तिची पाठ थरथरत होती. पण एका लयीत नाही. दोन थरथरी होत्या, एक पुढे आणि एक तिच्या जरा मागून, आणि मागची जास्त जोरात होती.

मी हात काढून घेतला. सरांनी पेटी थांबवली. मला वाटलं आता ओरडतील. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते रोशनीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा हवी ती वस्तू सापडलेल्या माणसासारखा होता.

"पुन्हा," ते म्हणाले. "आणि आजपासून कोणी जागा बदलायची नाही."

मग ते उठले आणि त्यांनी आमच्या सगळ्यांच्या पायांपाशी खडूनं फुल्या मारल्या.

"घसा कोरडा पडून राहिला वं," जिना उतरताना दामिनी म्हणाली. मला ते नीट ऐकू आलं नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं. दामिनीला एखादी गोष्ट पुन्हा म्हणावी लागली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

४

मग रोज थोडं थोडं. ती डबा खाताना बोलायची आणि मी कान पुढे करायचे. एक दिवस वर्गात हजेरी चालू होती. बाईंनी दामिनीचं नाव घेतलं. माझ्या शेजारी दामिनीचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"हजर," वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकू आलं. मोठ्यानं, खरखरीत.

मुली हसल्या. बाई म्हणाल्या, "रोशनी, फाजीलपणा पुरे." रोशनीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. ती हसत नव्हती. तिचे डोळे भीतीनं मोठे झाले होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

विभागाची स्पर्धा धरमपेठेतल्या एका सभागृहात झाली. आमचा पहिला नंबर आला. परीक्षक म्हणाले, इतक्या लहान वयात इतका भरीव आवाज आम्ही ऐकला नाही. सरांनी वाकून नमस्कार केला. ढाल हातात घेऊन फोटो काढले. फोटोत दामिनी माझ्या शेजारी आहे, तिचं तोंड उघडं आहे. ती तेव्हा मला हाका मारत होती. अरू, अरू. मी ओठांवरून ओळखलं.

त्यानंतर ती शाळेत आली नाही.

५

मी इतवारीत तिच्या घरी गेले. हातगाड्यांमधून वाट काढत दुकानाशी पोचले तर खाली तिच्या बाबांचं मशीन चालू होतं, कोणाच्या तरी परातीवर नाव घालत होते. वर गोपिका काकू, म्हणजे दामिनीची आई, मला बघून उठल्या.

"ये बाई. तू तरी आली. शाळेतलं कोणी कुत्रं फिरकलं नाही."

दामिनी खाटेवर बसली होती. तिनं माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं, नेहमी करते तसं. ताप नव्हता. नीट जेवत होती.

"डॉक्टर म्हणे नळी बरोबर आहे, घसा बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "मंग आवाज कुठं गेला म्हणलं, तं म्हणे पोरगी नाटक करून राहिली. माही पोरगी नाटक करन? जिले गप बस म्हणू म्हणू मी थकली, ते नाटक करन गप बसाचं?"

"शाळेत सांगितलं का, काकू?"

"गेली होती नं मी. तुमच्या सराले भेटली. तो म्हणे, ती तं गातच नव्हती, तिच्या घशाले आमच्यानं काय होणार? न गाऊन कोणाचा घसा बसते का, म्हणे." काकूंनी डोळे पुसले. "बराबर आहे म्हणा त्याचं बी. मी तशीच वापस आली."

खालचं मशीन बंद झालं. मी त्या घरात पहिल्यांदाच शांतता ऐकली. त्या शांततेत दामिनी माझ्याशी काहीतरी बोलत होती, पुष्कळ बोलत होती, आणि खोलीत कबुतराच्या पंखाएवढासुद्धा आवाज नव्हता. मग तिनं वैतागून फोन घेतला आणि लिहून दाखवलं.

पुढचा भाग लिही. वापस आण.

मी घरी जाऊन लिहिला. माझ्या गोष्टीतल्या त्या मुलीचा आवाज परत आला. मी तो तीन प्रकारांनी परत आणून पाहिला. अॅपवर त्या भागाखाली दामिनीनं लिहिलं, "नाही आला अजून. दुसरं काही करून पाह्य."

दुसरं काय करणार? मला लिहिण्यापलीकडे काही येत नाही, आणि लिहिल्यानं काही होत नाही हे मला त्या दिवशी कळलं. मला हे लोकांना ओरडून सांगावंसं वाटतं. माझ्या लिहिण्यानं आवाज परत येत नाही, तर माझ्या लिहिण्यानं तो गेला असं तुम्ही कशावरून म्हणता?

६

कारण ते तसं म्हणाले. माझी गोष्ट कोणीतरी मॅडमना दाखवली. आईला शाळेत बोलावलं. सुमंत सरही होते. टेबलावर ढाल होती, तिला अजून चकचकीत कागद गुंडाळलेला होता.

मॅडम फोनवर बोट सरकवत वाचत होत्या.

"‘साबणासकट वर तरंगली.’ देशभक्तीच्या गाण्यानं? ही काय थट्टा आहे?"

"मॅडम, लहान आहे," आई म्हणाली.

"लहान? दहावीला बसणार आहे ती. या गाण्यांसाठी लोक उठून उभे राहतात आणि ही त्यांचा जादूटोणा करते. वर एका मुलीच्या डोक्यात भलतंसलतं भरवते. ती बिचारी आता बोलत नाही म्हणे. तुमच्या मुलीनं लिहिलं आणि तिनं मनावर घेतलं, दुसरं काय!"

मी तोंड उघडलं.

"मॅडम, दामिनीचा आवाज रोशनीत आहे."

हे मी खरंच म्हणाले. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही ऑफिसात म्हटलेलं ते पहिलं वाक्य. आईनं माझा दंड धरला. मॅडमनी सरांकडे पाहिलं. आणि मी सरांकडे पाहिलं, म्हणून मला दिसलं की त्यांना नवल वाटलं नाही. जराही नाही. त्यांनी फक्त ढालीवरचा कागद नीट केला.

"मुलीची कल्पनाशक्ती चांगली आहे," ते म्हणाले.

गोष्ट काढून टाकायची. माफीनामा द्यायचा. आणि हे सगळं या खोलीबाहेर जायचं नाही, कारण राज्यस्पर्धा तोंडावर आहे आणि शाळेचं नाव खराब होईल.

मला फार राग येतो. मी गाण्याची थट्टा केली नव्हती. माझ्या गोष्टीत गाणं लागलं की साधी माणसं वर उचलली जातात, एवढंच मी लिहिलं होतं. गाण्यावर माझ्याइतका विश्वास त्या ऑफिसात कोणाचा होता? गाण्यात सगळे एक आहेत असं म्हणायचं आणि मागच्या रांगेला सांगायचं तुमचा आवाज नको, हा अपमान नाही. एक मुलगी घरी मुकी बसली आहे, तो अपमान नाही. साबण मात्र अपमान.

७

रोशनीवर मी आधी चिडले होते. आता चिडत नाही.

ती हल्ली शाळेतही तोंडाला स्कार्फ बांधून बसते, आपण उन्हात गाडीवर बांधतो तसा, डोळे तेवढे उघडे. सरांनी सांगितलं आहे की तिचा घसा जपायचा आहे, म्हणून तिला कोणी काही विचारत नाही. ती डबा उघडत नाही. वर्गात उत्तर देत नाही.

मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या नळांशी गेले तेव्हा ती तिथे एकटी होती. मला बघून तिनं मागे पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली.

"मी सरांना सांगितलं, मला काढा," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सर म्हणाले, राज्यस्पर्धा होऊ दे. अरुंधती, मी तोंड बंद ठेवते गं. मी खूप घट्ट ठेवते."

"मग?"

तिनं स्कार्फ सोडला. ओठ एकमेकांवर दाबलेले होते, इतके की पांढरे पडले होते. ती श्वास नाकानं घेत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. नळ ठिबकत होता. मी तिच्या ओठांकडेच बघत होते, ते हलले नाहीत हे मी शपथेवर सांगेन.

"अरू," दामिनी म्हणाली.

मोठ्यानं नाही. मशीन बंद असताना बोलावं तसं.

"अरू, इथं लय गर्दी आहे वं."

आणि त्या वाक्याच्या मागे, भिंतीपलीकडच्या वर्गातून यावी तशी कुजबुज होती. पुष्कळ मुलींची. शब्द कळत नव्हते; मला संगीताच्या खोलीतल्या जुन्या फोटोंतली उघडी तोंडं आठवली. रोशनीचा गळा मला आतून भरल्यासारखा दिसला, क्षणभरच, आणि मग तिनं स्कार्फ पुन्हा बांधला, एक गाठ, दुसरी गाठ, आणि घंटा झाली म्हणून वर्गात निघून गेली.

८

दामिनीची खडूची फुली रिकामी होती. सोमवारी सरांनी मला तिच्यावर उभं केलं.

"मला नको," मी म्हणाले.

"माफीनाम्यात काय लिहिलंस? देशाच्या गीताबद्दल आदर आहे म्हणून. मग दाखव आदर. फक्त ओठ."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "अगं, ओठ हलवायचे तर आहेत. एवढ्यात काय जातं?"

तर मी चार दिवस तिथे उभी आहे, रोशनीच्या पाठीकडे बघत. आणि मी ठरवलं आहे. उद्या राज्यस्पर्धा. दुसरं कडवं येईल, तो लांब सूर येईल, तेव्हा मी तोंड उघडून गाणार आहे. जितकं मोठ्यानं येईल तितकं, बेसूर, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत. परीक्षकांनी पेन खाली ठेवले पाहिजेत. ढाल जाऊ दे. ती गेली की रोशनीत अडकलेले आवाज बाहेर पडतील की नाही ते मला माहीत नाही, पण माझा आवाज मी तिकडे जाऊ देणार नाही. मी तो सगळ्यांसमोर वापरून टाकणार आहे. दामिनीला मी तसा निरोप पाठवला. तिनं लिहिलं, "फाड."

म्हणून हे आज लिहून ठेवते आहे. उद्या मला संघातून काढतील, कदाचित शाळेतूनही, तेव्हा सगळे म्हणतील की शांत मुलगी अचानक बिघडली. ती बिघडली नाही. तिला विचारलं असतं तर तिनं

आई खालून हाक मारते आहे. गणवेशाला इस्त्री झाली, घालून बघ म्हणते. मी "आले" म्हटलं. ती पुन्हा हाक मारते आहे. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. आता ती जिना चढते आहे आणि रागावली आहे, अरुंधती, किती हाका मारायच्या, ओ द्यायला काय होतं तुला, आणि मी तर मघापासून तिला ओ देते आहे, आताही देते आहे, ती दारात उभी आहे, माझ्या तोंडाकडे बघते आहे आणि